कांटचा दुकानदार आणि लिनक्स

मागच्या व्याख्यानानंतर एका शिक्षकांनी मला गाठलं. शाळेतले दहा-बारा संगणक लिनक्सवर न्यायचं त्यांच्या मनात होतं. म्हणाले, "सर, मोठ्या कंपन्या लिनक्सला पाठिंबा देतात असं ऐकतो. पण उद्या त्यांनी अंग काढून घेतलं तर?" प्रश्न व्यवहाराचा आहे. पण मी पडलो तत्त्वज्ञानाचा मास्तर, मला आधी कांटचा दुकानदार आठवला.

कांटने १७८५ साली हे उदाहरण दिलं. दुकानदार लहान मुलालाही चोख भाव लावतो. का? तर लबाडी केली तर धंदा बुडेल म्हणून. कृती योग्य, पण कर्तव्यबुद्धीतून आलेली नाही. म्हणून तिला नैतिक मोल नाही, असं कांटचं म्हणणं. आता गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा. त्याला चोख माल मिळाला, तो खूश! त्याची अडचण सुरू होते ती दुकानदाराचा स्वार्थ दुसरीकडे वळला की.

कोरेलचंच घ्या. कॅनडातल्या ओटावाची ही कंपनी, वर्डपर्फेक्टची मालक. १९९८ मध्ये तिने वर्डपर्फेक्टची लिनक्स आवृत्ती काढली, वैयक्तिक वापराला फुकट. १९९९ च्या नोव्हेंबरात डेबियनवर बेतलेली स्वतःची लिनक्स आणली. हेतू उघड होता: मायक्रोसॉफ्टच्या अंगणाबाहेर आपलं दुकान थाटायचं. मग पैसा आटला. ऑक्टोबर २००० मध्ये चक्क मायक्रोसॉफ्टनेच कोरेलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले आणि २००१ मध्ये कोरेलने लिनक्सचा व्यवसाय झँड्रॉसला विकून टाकला.

इथवर ऐकलं की वाटतं, शिक्षकांची भीती खरी. पण थांबा, गोष्ट संपलेली नाही.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा 'वाइन' नावाचा एक दुभाषा आहे. १९९३ पासून लोक तो घडवताहेत. कोरेलला आपला ऑफिस संच लिनक्सवर आणायला तो हवा होता, म्हणून तिने त्यावर काम केलं आणि सुधारणा परतही दिल्या. तेव्हाच्या परवान्यात तशी सक्ती नव्हती, बरं का. सुधारित वाइन वाटायचं तर त्याचा स्रोतही द्यायचा, हे बंधन २००२ मध्ये परवाना बदलल्यावर आलं.

कोरेल गेली, वाइन राहिलं. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं 'प्रोटॉन' काढलं, ते या वाइनवरच उभं आहे. व्हॉल्व्ह तरी कुठली साधुसंत! स्टीम हे तिचं खेळांचं दुकान. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान आलं, तेव्हा व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी त्या विंडोजवर जाहीरपणे कडक टीका केली. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. पुन्हा स्वार्थच.

म्हणून त्या शिक्षकांना मी उलटा प्रश्न केला: कंपनी जाताना काय घेऊन जाईल? वर्डपर्फेक्टचा स्रोत बंद होता, त्यामुळे त्याची लिनक्स आवृत्ती कंपनीबरोबर संपली. ज्यांनी जुन्या मराठी फॉन्टांत पुस्तकं टाइप केली आणि आज त्या फायली उघडल्यावर भलतीच अक्षरं बघतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. स्टीमही बंदच आहे, तेव्हा व्हॉल्व्ह उद्या फिरली तर ते दुकान जाईल. प्रोटॉनचा स्रोत जाणार नाही.

शिक्षकांनी वहीत दोन रकाने आखले आणि शाळेतल्या सॉफ्टवेअरची नावं लिहायला घेतली.