वाळूत दडलेला शिकारी: भीमेतलं मऊ पाठीचं कासव

सोलापुरातून मी बोलतोय, हेडफोन लावा आणि ऐका.

गेल्या हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या बाजूला, रोहित पक्षी बघायला गेलो होतो. पाण्यात पाय सोडून निवांत बसलो, तर होडीवाले काका ओरडले, "पाय वर घ्या! कासव आहे तिथं." मी हसलोच. देवळात गाभाऱ्यासमोर असतं, पाया पडून आपण पुढं जातो, त्या कासवाला काय घाबरायचं? तेवढ्यात गाळ हलला, एक लांबलचक मान बाहेर आली आणि माझं हसू तिथंच विरलं.

ते होतं मऊ पाठीच्या घराण्यातलं. या घराण्यातलं आपल्या भागातलं खास नाव म्हणजे लीथचं कासव. मुंबईतले डॉक्टर लीथ यांच्या नावावरून 1872 मध्ये ग्रे या प्राणिशास्त्रज्ञानं ते नाव दिलं, आणि नमुना होता पुण्याचा. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीतून पंढरपूरला येते. म्हणजे हा आपला शेजारीच की!

याची पाठ चामड्यासारखी, वर कठीण खवले नाहीत. चिलखत कमी, म्हणून दडून बसणं हेच त्याचं हत्यार. पाय हलवत ते वाळूत शिरतं, बाहेर फक्त डोळे आणि नळीसारखं नाक. उथळ पाण्यात मान लांबवून नुसतं नाक वर काढलं की श्वास घेऊन झाला. पपईच्या देठाची नळी तोंडात धरून डुंबणारी पोरं आठवा.

मासा जवळ आला की बगळ्यासारखी दुमडलेली मान सटकन सुटते. त्याच क्षणी घसा फुगतो, तोंडात पाणी ओढलं जातं आणि पाण्याबरोबर मासाही आत! आपण स्ट्रॉनं उसाचा रस ओढतो, तसंच. दात नाहीत, पण मांसल ओठांमागे जबड्याची धारदार कड असते.

अमेझॉनमधलं माटामाटा कासवही असाच मासा ओढून घेतं. अमेरिकेतलं ॲलिगेटर स्नॅपिंग कासव तर तोंड उघडून जिभेवरचा किड्यासारखा तुकडा वळवळवतं. मासा खायला येतो आणि स्वतःच घास होतो.

मग माणसावर धावून येतं का? नाही. पाय पडला, गळाला अडकलं किंवा उचललं, तर मात्र चावतं. मान इतकी लांब, की पाठीमागून धरलं तरी हात सुटत नाही. म्हणून गळाला लागलंच तर ओढाताण करू नका, दोरी शक्य तितकी तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. जखमी दिसलं तर वनविभागाची हेल्पलाइन 1926.

खरी भीती त्यालाच आहे. शिकारीसाठी दडायला वाळू लागते, अंडी घालायला नदीकाठ लागतो, आणि आपण भीमेची वाळू ट्रकनं उपसतोय. शिवाय मांसासाठी पकडतात ते वेगळंच. 2022 मध्ये पनामातल्या साइट्स परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करायचं ठरलं. पण पनामात ठरलेलं नदीकाठी पाळायचं कुणी? आपणच.

निघताना काकांना विचारलं, "तुम्ही मारत नाही का याला?" ते म्हणाले, "मेलेले मासे खाऊन पाणी साफ ठेवतंय की ते. आपण पाय वर घ्यायचा, झालं."

पुढच्या वेळी नदीवर गेलात, तर तेवढं करा. भेटू पुढच्या भागात!