कांचतंतूंची पांजणी

पुण्याहून अहिल्यानगराकडे येतांना पारनेर तालुक्यांत सुप्याजवळच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या फिरत असतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं त्या एस. टी.च्या खिडकींतून पाहिल्या असतील. दुरून तीं पांढरीं पातीं धातूचीं वाटतात. परंतु त्यांत धातु फारच थोडा असतो. असें पातें म्हणजे मुख्यतः कांचेचे तंतु व त्यांना घट्ट धरून ठेवणारी राळ. मिनिटास 20 फेरे धरले, तर अखंड फिरणाऱ्या पात्याचे वर्षाकांठीं एक कोटीहून अधिक फेरे होतात. आणि प्रत्येक फेऱ्यांत तें स्वतःच्याच भारानें एकदां इकडे व एकदां तिकडे वांकतें. हें वीस वर्षें चालावें अशी अपेक्षा असते. जी कांच हातांतून पडतांच फुटते, तिच्या अंगीं एवढें सामर्थ्य कोठून आलें?

ग्रिफिथ नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें 1920 सालीं याचा उलगडा केला. कांच जात्या दुबळी नाहीं. तिच्यावरील डोळ्यांस न दिसणाऱ्या चिरा तिला दुबळी करतात. कांचेचा तंतु जितका बारीक ओढावा तितका तो अधिक बळकट होतो, असें त्यास आढळलें. आज वापरांत असलेला कांचतंतु केसाहूनही कितीतरी बारीक असतो. मात्र सुटा तंतु कामाचा नाहीं. तो राळेंत बसविला, म्हणजे एक तंतु तुटला तरी त्याचा भार भोंवतालची राळ शेजारच्या तंतूंवर नेऊन पोंचविते. अर्थात् राळेनें तंतूस सोडून दिलें, कीं सारा व्यवहार संपला.

याचा प्रत्यय मला घरींच आला. आमच्या मागील पडवीवर फायबरचा जुना पत्रा होता. गतवर्षीं पावसाळ्यापूर्वीं तो बदलण्यासाठीं एक तरुण वर चढला आणि त्याचा पाय पत्र्यांतून आरपार गेला. खालच्या वांशावर तो अडकला, म्हणून पोटरीच्या जखमेवर निभावलें. नाहीं तर काय झालें असतें, हा विचार अजून मनांतून जात नाहीं. त्या पत्र्याचा तुकडा मी जपून ठेवला आहे. फुटलेल्या कडेस तंतु केरसुणीसारखे बाहेर आले आहेत. पुष्कळसे लांब, कोरडे व अखंड. ते तुटले नव्हते; राळेंतून नुसते उपसून आले होते. उन्हापावसानें राळ झिजली होती आणि तिची पकड सुटली होती.

ही पकड कशी वाढवावी? येथें मला आपल्या गांवच्या विणकरांची आठवण होते. तेव्हांच्या अहमदनगरांत पद्मशाली व साळी मंडळींच्या घरोघरीं माग चालत. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चिल साहेबांनीं येथेंच सुधारलेला हातमाग तयार केला. तो त्यांच्याच नांवानें ओळखला गेला. परंतु माग जुना असो वा सुधारलेला, सुतास पांजणी केल्यावांचून गत्यंतर नसे. ताणा लांब पसरून त्यावर पिठाची खळ कुंच्यानें फिरवीत. त्यामुळें सुताची पिंजर बसते, फणींत घासूनही तें तुटत नाहीं. सूत तेंच, पण खळीच्या पातळ लेपानें त्यास धीर येतो.

कांचतंतूंसही अगदीं अशीच पांजणी करतात. भट्टींतून तंतु ओढला जातांच, त्याचा पेड होण्यापूर्वींच, त्यावर लेप चढवितात. त्याचें वजन तंतूच्या शंभरांत सुमारें एक भाग एवढेंच भरतें. त्यांतील कांहीं द्रव्यें तंतूस घासण्यापासून वांचवितात, तर सिलेन नांवाचें द्रव्य एका टोकानें कांचेस व दुसऱ्या टोकानें राळेस धरतें. दोन भाषा जाणणारा दुभाषाच म्हणाना! फरक एवढाच, कीं कापडाची खळ पुढें धुऊन जाते. हिला जन्मभर राहावयाचें असतें.

अलीकडे या लेपांत नॅनोकण घालण्याचे प्रयोग चालू आहेत. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. सिलिकेचे सूक्ष्म कण, ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्या, किंवा जपानी शास्त्रज्ञ इइजिमा यांनीं 1991 सालीं ज्यांकडे जगाचें लक्ष वेधलें त्या कार्बनच्या नॅनोनळ्या यासाठीं वापरतात. त्यांच्या योगें गुळगुळीत तंतु खरखरीत होतो आणि राळ त्याच्या खांचाखोंचांत रुतून बसते. दुसरा लाभ मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कांच ही राळेपेक्षां वीसपंचवीस पट ताठर. एवढ्या ताठर व एवढ्या मऊ पदार्थांचा सांधा ताण पडतांच उकलूं पाहतो. मधला नॅनोकणांचा थर ताठरपणांत दोहोंच्या मधला असल्यामुळें ताण एकदम न बदलतां पायरीपायरीनें उतरतो. चीर आलीच, तर तिला या कणांना वळसा घालीत जावें लागतें व त्यांत तिचा जोर खर्ची पडतो.

मात्र अधिक घातलें म्हणजे अधिक बळ, असें येथें नाहीं. कण फार झाले कीं त्यांच्या गुठळ्या होतात, आणि जेथें गुठळी तेथूनच चीर निघते. पिठल्यांत गुठळ्या झालेल्या आमच्या गृहिणींस हें निराळें सांगावयास नको! पकड अतिशय घट्ट झाली तरीही अपाय होतो, कारण मग तंतु थोडा सरकून धक्का पचवूं शकत नाहीं व चीर थेट त्याला छेदून पलीकडे जाते. शिवाय कोरड्या नॅनोनळ्यांची धूळ श्वासावाटे जाऊं देणें धोक्याचें. त्यांच्या एका जातीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 2014 सालीं माणसांत कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव असलेल्या पदार्थांत गणलें आहे. म्हणून या लेपांचें काम अजून बहुतांशीं प्रयोगशाळांतच आहे.

पत्र्याचा तो तुकडा प्रयोगशाळेच्या कपाटांत कांचेच्या बरणींत ठेवला आहे. जवळच खळ दिलेल्या व न दिलेल्या सुताच्या दोन गुंड्या आहेत. ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं मधल्या सुटींत यावें. सूक्ष्मदर्शक मांडून देईन. तुकड्यास मात्र उघड्या हातानें शिवूं नये. तंतु कातडींत रुततात.