पडू दे की तो पूल!

महागडं किट, त्यात छापील सूचना आणि शेवटी बाबांनीच जोडलेली गाडी... ओळखीचं वाटतंय? मग या वीकएण्डला जरा वेगळा प्लॅन करून बघा. सामान घरातच आहे!

चार-पाच वर्षांचं मूल घरात असलं, की वाढदिवसाला हल्ली एक गिफ्ट हमखास येतं. चकचकीत खोका, खोक्यावर हसरं मूल आणि कोपऱ्यात 'स्टेम'चा शिक्का. मग आई सूचना वाचते, बाबा स्क्रू पिळतात आणि बर्थडे बॉय? तो रिकाम्या खोक्यात बसून 'भुर्रर्र' करत गाडी हाकत असतो. मंडळी, खरं सांगू? त्या घरात त्या वेळी खरा इंजिनीअर एकच असतो, आणि तो खोक्यात बसलेला असतो!

रत्नागिरीत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी मी सात-आठ चिल्ल्यापिल्ल्यांना घेऊन बसते. वयं चार ते सात. क्लास नाही, फी नाही, सर्टिफिकेट तर नाहीच. आठवडाभर बँकेत आकड्यांशी झटापट केल्यावर हा उद्योग म्हणजे माझं रिफ्रेशमेंट. आमच्या लहानपणी अंगण होतं, वाडी होती, कोणी काही न शिकवता आम्ही ओढायचो, रचायचो, पाडायचो. फ्लॅटमधल्या पोरांना ते अंगण मुद्दाम आणून द्यावं लागतं, एवढाच काय तो फरक.

चाकाचा शोध, रविवारी साडेदहाला

पोफळीचं पान गळतं, तेव्हा त्याच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद विरी असते. कोकणातल्या पोरांची ही जुनी फेरारी! एकाने विरीवर बसायचं, दुसऱ्याने ओढायचं. आम्ही ती आधी लॉबीतल्या गुळगुळीत लाद्यांवर ओढली, मग पार्किंगच्या खरखरीत काँक्रीटवर. 'कुठे जड जातंय?' एवढंच मी विचारलं. उत्तर सांगायची गरजच नव्हती, ओढणाऱ्याचे हात सांगत होते. घर्षण हा शब्द ती पोरं सातवी-आठवीत वाचतील, पण ओळख झाली ती आत्ता.

मग प्लंबरने टाकून दिलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले. लवचीक विरी त्यांच्यावर नीट बसेना, म्हणून कोणाच्या तरी घरातला पाट आला. पाटाखाली पाइप ठेवले आणि काय आश्चर्य, एका बोटाने गाडी सुटली! पण पाट पुढे गेला की पाइप मागे राहायचे. ते उचलून पुन्हा पुढे, पुन्हा पुढे... शेवटी सहा वर्षांचा एक पठ्ठ्या वैतागला. 'मावशी, हे गाडीलाच बांधता नाही का येणार?' झालं! चाक आणि आस यांच्यामागची सगळी आयडिया त्या एका प्रश्नात आली.

काडी, ट्यूब आणि त्रिकोण

बांधकामाचा श्रीगणेशा करायला काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब बास. ट्यूबचे छोटे तुकडे करायचे, दोन काड्यांची टोकं त्यात खुपसायची, की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर दाबा. तो लगेच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, कितीही दाबा, ढिम्म! मुलांना हे एकदा कळलं की ती सगळीकडे त्रिकोण शोधायला लागतात. कौलारू घराच्या कैचीत, मोबाइल टॉवरमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये.

या आयडियाचं श्रेय अरविंद गुप्ता यांचं. १९७५ साली आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला हा इंजिनीअर पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे खेळणी हेच त्यांचं करिअर झालं. पुण्याच्या 'आयुका'तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात २००३ ते २०१४ या काळात त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी उभी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रिकाम्या काड्यापेट्याही फेकू नका. एकावर एक सरळ रांगा रचून भिंत करा आणि बोटाने ढकला. मग प्रत्येक थरात सांधा बदलून रचा आणि पुन्हा ढकला. गवंडी याला 'सांधेमोड' म्हणतात. जांभ्याच्या चिऱ्याचं कुठलंही गडगं किंवा भिंत दाखवा, मुलं स्वतःच ओरडतील, 'आपल्यासारखंच केलंय!'

मोठ्यांनी तोंड आवरा!

यातला सगळ्यात अवघड भाग आपल्या वाट्याला येतो. गप्प बसणं.

आमच्याकडे पाच वर्षांची एक मुलगी येते. हुशार, नीटनेटकी. पहिले काही रविवार ती प्रत्येक काडीला विचारायची, 'मावशी, बरोबर आहे ना?' मनोरा पडला की डोळ्यांत पाणी, आणि मग पुन्हा हात लावायचा नाही. पाचव्या वर्षी चुकायची एवढी धास्ती! मी 'बरोबर' म्हणायचं बंद केलं. 'हलवून बघ' एवढंच म्हणायचे. दोनेक महिन्यांनी तिचा पूल पडला, तेव्हा ती रडली नाही. खाली वाकून बघत पुटपुटली, 'इथून सुटला.' माझ्या लेखी वर्षभराची कमाई ती हीच.

'पण याने पहिलीत पुढे जाईल का?' असं तिच्या आईने विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्यासाठीच राखलाय. पण त्याआधी कितीतरी वर्षं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे करून दाखवलं होतं. १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. माँटेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी गारगोट्या, शिंपले, बिया, पानं वापरली. सामान बदललं, हात तेच राहिले.

पट्टी सरकवा, पूल बांधा

आता खास रत्नागिरीकरांसाठी एक खेळ. तीस सेंटिमीटरची पट्टी टेबलाच्या काठावरून हळूहळू बाहेर सरकवा. पंधराच्या पुढे गेली की धप्प! आता मागच्या टोकावर खोडरबर ठेवा. पट्टी आणखी पुढे जाते. पुढे हलकं, मागे भारी, हीच ट्रिक.

रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल आठवतोय? लांबी ४२४ मीटर, उंची सुमारे ६४ मीटर. भारतात पहिल्यांदा इथे पूल 'सरकवत' बांधला गेला. एका टोकाला काँक्रीटचा तुकडा ओतायचा, जॅकने पुढे ढकलायचा, मागे पुढचा तुकडा जोडायचा, पुन्हा ढकलायचं. या पद्धतीत पुढच्या टोकाला पोलादाचं हलकं नाक लावतात, म्हणजे पुढचा खांब गाठेपर्यंत तोल सांभाळला जातो. आपली पट्टीच की!

पुढच्या वेळी मुलांना घेऊन रत्नागिरीहून निवसरकडे जाल, तेव्हा 'बघ, किती उंच' असं म्हणू नका. 'हा पुढे कसा सरकवला असेल?' एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेर बघा.

झटपट किट

• काड्या. गूळ काढून टाकलेल्या. ट्यूब मोठ्यांनीच कापायची.
• रिकाम्या काड्यापेट्या, पाइपचे तुकडे, एक पाट, एक पट्टी, खोडरबर.
• मिळाली तर पोफळीची विरी. नाहीतर जाड पुठ्ठा.
• घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल, तर बारीक वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.
• आणि एक अट : पडतंय असं दिसलं, तरी आपण हात पुढे करायचा नाही!