मोसंबीच्या पानांतील प्रकाशसंश्लेषणावर ऊन व सावली यांचा परिणाम : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. मोसंबीच्या झाडाची बाहेरील पाने या प्रखर उन्हात, तर आतील पाने दाट सावलीत असतात. ‘ऊन जितके अधिक, तितके झाडाचे अन्न अधिक’ असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उन्हातील व सावलीतील पाने :
उन्हात वाढलेले पान जाड असते. त्यात स्तंभाकार पेशींचा थर अधिक विकसित असून क्षेत्रफळाच्या तुलनेत नायट्रोजन व रुबिस्को या विकराचे प्रमाण जास्त असते. सावलीतील पान पातळ असते व त्याचे श्वसन मंद असते. त्यामुळे अल्प प्रकाशातही त्याचा जमाखर्च जुळतो. मात्र प्रकाश वाढल्यास त्याची क्षमता लवकर संपते.

प्रखर उन्हाची मर्यादा :
लिंबूवर्गीय पानांतील प्रकाशसंश्लेषणाचा वेग पूर्ण सूर्यप्रकाशाच्या साधारणतः एक तृतीयांश प्रकाशातच कमाल पातळीजवळ पोहोचतो. त्यापुढील ऊन पानाला प्रामुख्याने तापवते. हवा उष्ण व कोरडी झाली की पर्णरंध्रे मिटू लागतात, कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा घटतो आणि प्रकाशश्वसन वाढते. म्हणूनच उन्हाळ्यात बाहेरील पानांचे बरेचसे कार्य सकाळीच उरकते.

छाटणीविषयी :
थंड प्रदेशातील सफरचंदाच्या बागेत झाडाच्या अंतर्भागात प्रकाश पोहोचविणे हा छाटणीचा प्रमुख हेतू असतो. मराठवाड्यात तेच तंत्र जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे ठरते. सावलीत पूर्ण वाढलेले पान आपली जाडी फारशी बदलू शकत नाही. भर उन्हाळ्यात ते अचानक उघडे पडल्यास करपते. उघड्या खोडाची सालही भाजते.

निष्कर्ष :
फळांच्या तोडणीनंतर वाळलेल्या फांद्या व पाणसोट काढून हलकी विरळणी करावी, उन्हाळ्यात मोठी छाटणी टाळावी व खोडास बोर्डो पेस्ट लावावी. परभणी येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ असल्याने या विषयास येथे विशेष पोषक वातावरण आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनाही हा अभ्यास अल्प साधनांत करता येईल. बाहेरील व आतील पानांच्या समान आकाराच्या चकत्या वाळवून त्यांचे वजन केल्यास ऊन-सावलीचा भेद विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने मोजता येईल.