तीस दिवसांची वाटणी

परदेशात राहणारं जोडपं सुट्टीवर निघालं की आपल्याकडे बायकांचं बोलणं ठरलेलं असतं. "मज्जा आहे बाई त्यांची!" माझी धाकटी बहीण आणि तिचे मिस्टर गेली वीस वर्षं मस्कतला आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात ती दोघं अमेरिकेला गेली, तेव्हा आमच्या कराडात निदान दहाजणींनी मला हेच ऐकवलं. भिशीत तर एकीनं, "नायगारा बघायला पैसे आहेत, सासूकडे जायला सवड नाही," इथपर्यंत मजल मारली. मी तेव्हा गप्प बसले. आज सांगते.

ओमानमध्ये नोकरदाराला वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा मिळते. ऐकायला बक्कळ वाटते ना? पण त्या तीस दिवसांचे मालक किती, ते बघा. पंधरा दिवस कोल्हापूरला सासरी, सात दिवस माहेरी. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर, त्याच्याजवळ दोन-तीन दिवस. उरलेल्यात बँकेचं केवायसी, दाताचा डॉक्टर, सातबाऱ्यावरची नोंद, कुणाचं राहिलेलं लग्न, कुणाच्या बाळाचं तोंड बघणं. धाकटी म्हणते, "ताई, मी मस्कतला परत जाते ना, तेव्हा विमानात बसल्यावर माझी सुट्टी सुरू होते." वीस वर्षांत ती दोघं महाबळेश्वरलासुद्धा गेलेली नाहीत. मग एकदम अमेरिका कशी?

तर त्याला कारण दादा. आमचा भाऊ २०१० पासून न्यू जर्सीत आहे. कॉम्प्युटरमधली नोकरी, एच-वन-बी व्हिसा, सोबत वहिनी आणि पुण्यात जन्मलेली, तीन वर्षांची असताना तिकडे गेलेली भाची. तो शेवटचा घरी आला डिसेंबर २०१८ मध्ये. मे २०२१ मध्ये बाबा गेले. तेव्हा कोरोनामुळे अमेरिकेनं ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांना दार बंद केलं होतं. तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना सूट होती, व्हिसावर असलेल्या दादाला नव्हती. आला असता तर परत कधी जाता येईल याची खात्री नाही, आणि नोकरी गेली तर सगळंच गेलं. ओमाननंही भारतातून येणाऱ्यांना बंदी घातलेली, म्हणजे धाकटीचंही तेच. दोघांनी बाबांचं शेवटचं दर्शन मोबाइलवर घेतलं. स्मशानात नगरपालिकेचे दोन कर्मचारी, माझे मिस्टर आणि मी. अग्नी मी दिला. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

लोक विचारतात, बंदी तर नोव्हेंबर २०२१ ला उठली, मग नंतर का नाही आला? हे मलाही समजायला वेळ लागला. तिकडे राहायची परवानगी वेगळी आणि बाहेर पडल्यावर परत आत शिरायचा पासपोर्टवरचा व्हिसा वेगळा. परवानगी तिथं बसून वाढते, व्हिसासाठी मात्र सहसा दुसऱ्या देशात जाऊन मुलाखत द्यावी लागते. तारीख मिळाली तर ठीक, नाहीतर माणूस इकडेच अडकतो. त्यात २०२३ ला दादाची कंपनी माणसं कमी करायला लागली, त्यात तो गेला. अशा वेळी साठ दिवसांत दुसरी नोकरी धरायची, नाहीतर देश सोडायचा! धरली त्यानं. पण त्यानंतर बाहेर पाऊल टाकायची त्याची छातीच होईना. ग्रीन कार्डाच्या रांगेत तो दहा वर्षांपासून उभा आहे. नोकरीच्या मार्गानं वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला ढोबळमानानं सात टक्के. आपली माणसं लाखांनी. भाची एकवीस वर्षांची झाली की वडिलांच्या अर्जातून तिचं नाव बाहेर पडणार, ही टांगती तलवार आणखी वेगळी.

दादाला येता येईना, म्हणून आईला न्यायचं ठरलं. २०२२ च्या अखेरीला पहिल्यांदा व्हिसा मागणाऱ्यांना मुंबईत दोन वर्षांहून जास्त वाट बघावी लागत होती. आईचा नंबर त्यातल्या त्यात लवकर, २०२४ च्या उन्हाळ्यात लागला. मुलाखतीत तिला विचारलं, "परत येणार ना?" आई म्हणाली, "गौरी माझ्याकडं असतात. परत यायलाच लागतंय." पाच मिनिटांत काम झालं.

पण शहात्तर वर्षांची बाई, बीपी, गुडघे. एकटीनं एवढा प्रवास कसा करणार? माझ्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, मला हलता येईना. तेव्हा धाकटीचे मिस्टर म्हणाले, "यंदाची रजा आपण आईंना देऊ." तिकिटाचे पैसे दादा देत होता, ते यांनी घेतले नाहीत. आता ही रजा जिच्या वाट्याची होती, त्या कोल्हापूरच्या सासूबाईंना सांगायचं कुणी? धाकटीनंच फोन केला. पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "ने गं आईला. माझा मुलगा मला वर्षानं दिसतो, त्यांचा सहा वर्षं दिसला नाही." आमच्या गावात जावयाचं कौतुक खूप झालं. या माउलीचं नाव कुणी काढलं नाही.

तयारीचं काय सांगू! आईनं अनारसे, करंज्या, डिंकाचे लाडू असा बेत केला. धाकटीनं मस्कतहून ओरडून सांगितलं, "खसखस अजिबात नको!" विमान दुबईमार्गे जाणार होतं आणि अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, सामानात सापडली तर थेट तुरुंगाची भीती. (तुमची मुलं आखातात असतील तर हे पक्कं लक्षात ठेवा. घरचा मसालाही तपासा, त्यातही खसखस असते.) आईला पटेना, "खसखशीत काय पाप आहे गं?" शेवटी अनारसे तिळावर थापले. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. तिकडच्या दवाखान्याचं बिल ऐकून माणूस आजारी पडेल, म्हणून दादानं विमा काढला. तरी जुन्या दुखण्यांना तो फारसा लागू नसतोच.

धाकटी दोन दिवस आधी येऊन आईला घेऊन गेली. तिचे मिस्टर दुबईला भेटणार होते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी निघाल्या, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "पितृपंधरवड्यात कोण प्रवासाला निघतं?" आई म्हणाली, "पितरांसाठीच निघालेय."

दुबईहून न्यूयॉर्क चौदा तास. व्हीलचेअर घेतली होती, त्यामुळे रांगा टळल्या. विमानतळावर दादा उभा होता. आता रडारड होणार म्हणून धाकटी रुमाल काढून तयार. आईनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "केवढा पांढरा झालास रे! तेल लावत नाहीस का?" झालं. गाडीत बसल्यावर दोघं एकमेकांचा हात धरून होते, पण बोललं कुणी नाही. मधेच भाचीनं विचारलं, "आजी, तू टायर्ड आहेस?"

फिरणं थोडक्यात सांगते, कारण आईनंही थोडक्यातच सांगितलं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा लांबून बघितला. ब्रिजवॉटरच्या बालाजीला दोनदा जाऊन आले. नायगाऱ्याला सात तास गाडीनं गेले. बोटीत निळे प्लास्टिकचे कोट देतात, ते घातल्यावर आईला वारीतल्या बायका आठवल्या. समोर पूल, पलीकडं कॅनडा. "चला की पलीकडं," आई म्हणाली. दादा म्हणाला, "त्याचा व्हिसा वेगळा लागतो." आई म्हणाली, "पाण्याला नाही ना लागत?"

खरा दिवस २ ऑक्टोबरचा, सर्वपित्री अमावास्येचा. दादानं सुट्टी काढली. आदल्या दिवशी ओक ट्री रोडवर जाऊन कारली, गवार, भोपळा, अळूची पानं आणली. तिकडं सगळं मिळतं, आपल्या मंडईपेक्षा ताजं, असं आई सांगते. सकाळी खीर, कढी, आमसुलाची चटणी झाली. वडे तळायला घेतले आणि धुराची घंटा कोकलायला लागली! जावईबापू खुर्चीवर चढून तिच्यापुढं पंचा हलवतायत, वहिनी खिडक्या उघडतेय, असा सगळा गोंधळ. मग दादानं पान वाढून मागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवलं. कावळे तिकडंही असतात, पण त्या दिवशी एकही येईना. अर्धा तास गेला. दादाचा चेहरा उतरत चालला. इतक्यात एक करडी, झुपकेदार शेपटीची खार आली, तिनं वडा उचलला आणि तिथंच बसून खाल्ला. सगळे आईकडं बघायला लागले. आई म्हणाली, "परसातल्या पेरूवरची खार हे मला कधी हाकलू द्यायचे नाहीत. चला, जेवायला बसा."

आणि तेव्हा दादा रडला. "आई, मी खांदा दिला नाही गं बाबांना." साडेतीन वर्षं हे वाक्य त्याच्या घशात अडकलेलं होतं. आईनं त्याला रडू दिलं. वहिनीनं नंतर धाकटीला सांगितलं, की त्या रात्री दादा पहिल्यांदा गोळीशिवाय झोपला.

दादाचा हट्ट होता, आईनं सहा महिने राहावं. तेवढं राहायची परवानगी विमानतळावर मिळालीच होती. आई तीन आठवडे राहून धाकटीबरोबर परत आली. "सकाळी आठला सगळे बाहेर, सहापर्यंत मी आणि ती फ्रिजची घरघर. रस्त्यावर माणूस दिसत नाही, नुसत्या गाड्या. पोटभर बघितलं पोराला, बास." यावर आमच्याकडे दोन तट आहेत. माझ्या मते आईनं बरोबर केलं. म्हाताऱ्या माणसाला माया लागते तशा चार ओळखीच्या हाकाही लागतात. बचत गटाच्या कामानं मी घरोघर फिरते, मुलांकडं सहा-सहा महिने राहून आलेल्या बायका मला हेच सांगतात, फक्त मुलांसमोर सांगत नाहीत.

धाकटी आणि मिस्टर दसऱ्याला कोल्हापूरला पोचले, हातात चार दिवस. सासूबाईंनी नातेवाइकांना आधीच बजावून ठेवलं होतं, कुणी जेवायला बोलवायचं नाही. चार दिवस मुलगा घरातच. निघताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पंधराचे वीस करा." २०२५ ला केले त्यांनी. आमच्याकडं दोनच दिवस आले.

त्याच डिसेंबरात दादा येणार होता. मुलाखतीची तारीख मिळाली होती, आईनं खसखस घालून अनारसे केले होते. पण नेमकी त्याच महिन्यात व्हिसाची तपासणी कडक झाली, भारतातल्या अनेकांच्या मुलाखती पुढच्या वर्षावर गेल्या, त्यात दादाचीही. तिकीट रद्द केलं. भाची आता अठरा वर्षांची आहे.

अनारशांचा डबा आईनं कोल्हापूरला पाठवला. विहीणबाईंचा फोन आला, "अहो, हे पोराचे होते ना? मग यंदाची रजा परत तुम्हीच घ्या." आई म्हणाली, "नको, आपण निम्मी निम्मी करू." पाऊण तास हिशोब चालला होता दोघींचा. धाकटीला अजून कुणी विचारलेलं नाही.