ड्रॅक्स: कोळशाच्या भट्टीत लाकूड

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशरमध्ये सेल्बी गावाजवळ ड्रॅक्सचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. बारा शीतकरण मनोरे आणि 259 मीटर उंच चिमणी असा हा पसारा आहे. 1974 मध्ये पहिला संच सुरू झाला आणि 1986 पर्यंत सहा संच मिळून क्षमता 4,000 मेगावॅटच्या घरात गेली. केंद्राला ही जागा मिळाली ती जमिनीखालच्या कोळशामुळे. पुढे सेल्बीच्या खाणी 2004 मध्ये मिटल्या. ड्रॅक्सला कोळसा देणारी केलिंगली ही ब्रिटनची शेवटची खोल खाण डिसेंबर 2015 मध्ये बंद झाली. तोवर ड्रॅक्सचे दोन संच लाकडावर चालू लागले होते, आणि 2018 पर्यंत ते चार झाले.

लाकूड पेटवायला फारसे कौशल्य लागत नाही. ड्रॅक्सच्या अभियंत्यांचा खरा कस लागला तो लाकूड भट्टीपर्यंत पोचवण्यात.

हे लाकूड येते पेलेटच्या रूपात. भुसा वाळवून, दाब देऊन त्याच्या शिसपेन्सिलीच्या तुकड्यासारख्या कांड्या पाडतात. वेगळा डिंक लागत नाही. लाकडातलेच लिग्निन उष्णतेने मऊ होऊन भुसा धरून ठेवते. मात्र पाणी लागले की कांडी फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. दगडी कोळसा उघड्यावर ढीग घालून पावसाळाभर ठेवता येतो. पेलेटला जहाजापासून भट्टीआधी इंधन दळणाऱ्या चक्कीपर्यंत डोक्यावर छप्पर लागते. शिवाय वजनागणिक उष्णता कोळशापेक्षा कमी आणि आकारमान जास्त, म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जास्त माल वाहावा लागतो. ब्रिटनमधले रेल्वेचे बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे वाघिण्या वाटेल तशा रुंद-उंच करता येत नाहीत. म्हणून आहे त्या मापात जास्तीत जास्त माल मावेल अशा, वरून आपोआप उघडझाप होणाऱ्या झाकणांच्या नव्या वाघिण्या मुद्दाम बांधून घ्याव्या लागल्या.

सगळ्यात देखणे काम गोदामांचे. सुमारे 50 मीटर उंचीचे चार घुमट आहेत आणि एकेकात 75 हजार टनांच्या आसपास माल मावतो. बांधताना आधी पायावर भल्यामोठ्या प्लास्टिकच्या कापडाचा फुगा हवेने फुगवला. मग माणसे आत गेली. कापडाला आतून फोमचा थर दिला, त्यावर सळयांची जाळी बांधली आणि काँक्रीटची फवारणी केली. भिंत बाहेरून आत अशी वाढत गेली. आत साठवलेला लाकडाचा ढीग स्वस्थ बसत नाही: तो आपोआप तापतो, कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि उडालेली भुकटी ठिणगी मिळाली तर स्फोट घडवते. त्यामुळे ढिगाचे तापमान सतत मोजतात आणि घुमटात नायट्रोजन सोडतात. हा धाक पोकळ नाही. टेम्सकाठचे टिलबरी केंद्र असेच कोळशावरून लाकडावर नेले होते; फेब्रुवारी 2012 मध्ये तिथल्या साठ्याला मोठी आग लागली आणि 2013 मध्ये ते केंद्र बंदच झाले.

चक्क्यांचीही तऱ्हा निराळी. कोळसा ठिसूळ, त्याचे पीठ होते. लाकूड तंतुमय. चक्की पेलेट फोडून फक्त मूळचा भुसा मोकळा करते, तो आणखी बारीक करत नाही. म्हणून पेलेट तयार करतानाच भुशाचा बारीकपणा सांभाळावा लागतो. राख कोळशापेक्षा पुष्कळ कमी आणि गंधकही नाममात्र. पण राखेतले पोटॅशियमचे क्षार बॉयलरच्या नळ्यांवर चिकटून बसतात आणि त्यांना गंजवतात. टर्बाइन, जनित्र, मनोरे मात्र तेच राहिले. वाफ कशाच्या आचेवर झाली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

या कामगिरीबद्दल मला मनापासून आदर आहे. कार्बनचा हिशोब मात्र मला पटत नाही. पेलेट मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मिसिसिपी, लुइझियाना या राज्यांतून आणि कॅनडातून अटलांटिक ओलांडून येतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार झाडाचा कार्बन जिथे तोड झाली त्या देशाच्या खात्यावर पडतो, चिमणीपाशी शून्य धरला जातो. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये एकाच ठिकाणाहून सर्वाधिक कार्बन डायऑक्साइड ड्रॅक्समधून बाहेर पडतो. लाकूडतोडीनंतरचा उरलासुरला माल जाळला तर हिशोब एक, उभे झाड जाळले तर दुसरा. आणि ते झाड पुन्हा वाढायला कित्येक दशके जातात. लाकूड कुठल्या प्रकारचे आहे, याची माहिती नीट न दिल्याबद्दल 2024 मध्ये नियामक ऑफजेमच्या चौकशीनंतर कंपनीने अडीच कोटी पौंड भरले.

आपल्याकडचे साखर कारखाने बगॅस जाळून वीज करतात, तेव्हा इंधन गव्हाणीपलीकडेच तयार होते. कोळशात जैवइंधन मिसळण्याचे भारताचे 2021 चे धोरणही मुख्यतः शेतातल्या काडीकचऱ्यावर बेतलेले आहे. तो गोळा करणे जिकिरीचे आहे, पण पीक दरवर्षी येते. ही वाट मला जास्त खात्रीची वाटते.

ब्रिटन सरकारनेही हात आखडता घेतला आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ठरलेल्या करारानुसार 2027 ते 2031 या काळात ड्रॅक्सला अनुदान निम्म्यावर येईल, आणि तेही क्षमतेच्या फार तर 27 टक्के विजेपुरते. वारा पडेल, मागणी चढेल तेव्हा हे केंद्र चालवायचे, एरवी थांबवायचे, असा त्यामागचा विचार आहे.