जुनी ‘साधी’ गाठ विसरू नका

काही वर्षांपूर्वी 68 वर्षांच्या एक आजी पोट फुगते, भूक लागत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. मी पंधरा दिवस आम्लपित्ताची औषधे दिली. गुण येईना, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी कपाटातली जुनी फाइल आणून दाखवली. वीस वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीत अंडाशयात ‘डर्मॉइड’ गाठ नोंदलेली होती. ‘साधी आहे’ एवढे ऐकून घरचे निर्धास्त झाले होते. आणि मीही जुन्या आजाराविषयी विचारले नव्हते. त्याच गाठीतून उद्भवलेला कर्करोग आता पोटात पसरला होता.

डर्मॉइड गाठीत त्वचा, केस, चरबी, क्वचित दातही आढळतात. बहुतेक स्त्रियांत ती निरुपद्रवीच राहते. शंभरांपैकी साधारण एक-दोन गाठींत कर्करोग होतो. तोही बहुधा गाठीतील त्वचेच्या पेशींपासून. पाळी गेल्यानंतरचे वय, दहा सेंटिमीटरहून मोठी किंवा झपाट्याने वाढणारी गाठ असेल, तर धोका अधिक.

रोग अंडाशयापुरता असताना शस्त्रक्रियेने चांगला गुण येतो. पसरल्यावर लढा कठीण होतो, पण उपचार संपत नाहीत. गर्भाशय, दोन्ही अंडाशये, आतड्यांवरील चरबीचा पडदा आणि शक्य तेवढा रोग काढतात. पुढे बहुधा कार्बोप्लाटिन व पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपी देतात. रोग दुर्मीळ असल्याने स्त्रियांच्या कर्करोगातील तज्ज्ञांचाच सल्ला घ्यावा. वेदना, मळमळ, पोटात साठणारे पाणी यांवरील उपशामक उपचारही पहिल्या दिवसापासून सुरू करावेत. ते केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसतात.

आजींच्या मुलांना निदान लपवायचे होते. आजी म्हणाल्या, “डॉक्टर, पोट माझे आहे, मला कळायला नको?” शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी त्यांनी स्वतः ठरवून घेतली. पुढे सोसेना, तेव्हा ती थांबवण्याचेही त्यांनीच ठरवले. अखेरचे महिने, वेदना आटोक्यात ठेवून, त्या आपल्या घरी राहिल्या.

आपणही घरातील ज्येष्ठ स्त्रियांच्या जुन्या फाइली आज काढून पाहा. अंडाशयातील गाठीची नोंद असेल, तर ती डॉक्टरांना दाखवा. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे अशी तक्रार दोन-तीन आठवडे टिकली, तर सोनोग्राफी करून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी जुन्या गाठीची गोष्ट आपण होऊन सांगा.